दोन दंड, एक दांडी

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हा वजन उचलण्याच्या दोन स्पर्धा झाल्या. एक दोन्ही हातांची, दुसरी एकाच हाताची. दोन्ही हातांच्या स्पर्धेत ब्रिटनचा लॉन्सेस्टन इलियट आणि डेन्मार्कचा व्हिगो येन्सन या दोघांनी सारखंच, म्हणजे १११.५ किलो वजन डोक्यावर नेलं. येन्सनची उचल अधिक सफाईदार म्हणून पहिला नंबर त्याला मिळाला, पण त्या खटपटीत त्याचा खांदा दुखावला होता. एका हाताच्या स्पर्धेत तो ५७ किलोंवर अडकला आणि इलियट ७१ किलो उचलून मोकळा झाला. हा इलियट जन्माने जुन्या मुंबई इलाख्यातल्या कलादगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला.

एका हाताने वजन उचलण्याचे प्रकार ऑलिंपिकमध्ये १९२४ च्या पॅरिसपर्यंत टिकले. १९२८ पासून फक्त दोन्ही हातांचे प्रकार राहिले. आज तर दांडी डोक्यावर गेली की दोन्ही हात एकसारखे ताठ झालेले दिसावे लागतात. एक कोपर सरळ झालं आणि दुसरं मागून रेटत वर आलं, तर पंच लाल दिवा लावतात. ज्याचं कोपर जन्मतः किंवा जुन्या दुखापतीमुळे पूर्ण सरळ होत नाही, त्याने ते स्पर्धेआधीच पंचांना दाखवून ठेवायचं असतं. ज्या खेळाने सुरुवातीला एका हाताच्या ताकदीला पदक दिलं, तोच खेळ आता दोन हातांतल्या फरकाकडे संशयाने बघतो.

जिममध्ये जाणारा तरुणही स्वतःच्या हातांकडे तितक्याच संशयाने बघत असतो. पाच-सहा महिने घाम गाळल्यावर एक दिवस तो आरशासमोर दोन्ही बेटकुळ्या काढतो आणि त्याच्या लक्षात येतं की डावी काही उजवीएवढी नाही. मग शिंप्याचा टेप निघतो. उजवा दंड ३६ सेंटिमीटर, डावा ३५. त्या दिवसापासून तो एक सेंटिमीटर त्याच्या डोक्यात बसतो. सल्ले फुकट मिळतात. डाव्याला दोन सेट जास्त मार, उजव्याला महिनाभर सुट्टी दे, पाण्याची बादली डाव्या हाताने आण. माझं मत विचाराल तर यातले बहुतेक सल्ले चुकीच्या प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत. असमतोलाच्या सगळ्या पुराव्यांत दंडाचा घेर हा सर्वांत उशिरा बदलणारा आणि सर्वांत कमी बोलका पुरावा. आधी हालचाल बघावी, मग ताकद, आणि टेपचा नंबर त्यानंतर.

टेपचा हिशोब तरी नीट समजून घेऊ. दंड ढोबळमानाने गोल धरला, तर त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून ३५ आणि ३६ सेंटिमीटरमधला फरक घेरात तीन टक्क्यांहून कमी असला तरी क्षेत्रफळात तो सहा टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे फरक अगदीच नगण्य नाही. पण टेप बोटभर वर-खाली सरकला तरी अर्धा सेंटिमीटर सहज इकडचा तिकडे होतो. शिवाय स्वतःचे दंड स्वतः मोजताना एक गंमत होते. डावा दंड मोजताना टेप ओढतो उजवा हात आणि उजवा मोजताना ओढतो डावा, त्यामुळे दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही. मोजायचंच असेल तर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावं. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करावी आणि माप सकाळी, व्यायामाच्या आधी घ्यावं. व्यायामानंतर रक्त भरून दंड फुगलेला असतो. ते माप फोटोपुरतं ठीक. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुष्कळ झालं.

दोन हात सारखे नसणं ही मुळात नियमाची गोष्ट आहे. उजव्या हाताने कामं करणाऱ्या माणसाची उजवी पकड डावीपेक्षा साधारण दहा टक्के जास्त असते, असा ठोकताळा हातांवर उपचार करणारे लोक १९५० च्या दशकापासून वापरत आले आहेत. १९८९ मध्ये हा ठोकताळा तपासला गेला तेव्हा उजव्या हाताच्या लोकांमध्ये तो बऱ्यापैकी खरा निघाला. डावखुऱ्यांमध्ये मात्र दोन्ही पकडींत सरासरी फरकच सापडला नाही. कारण शोधायला लांब जायला नको. कात्रीपासून मोटारसायकलच्या अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत जग उजव्यांसाठी बनवलेलं आहे, आणि डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताचा व्यायाम इच्छा नसली तरी रोज घडतो. लहानपणी हातावर पट्टी खाल्लेल्या डावखुऱ्यांना हे वाचून थोडं समाधान वाटायला हरकत नाही.

सवय किती खोल जाते ते टेनिसपटूंच्या हाडांत दिसतं. १९७७ मध्ये ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडांच्या क्ष-किरण तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रॅकेट धरणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. स्नायू सोडाच, हाडच वेगळं झालं होतं. ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरचा डावा हात उजव्यापेक्षा नजरेत भरण्याइतका जाड होता. ग्रँड स्लॅम त्याने त्याच हाताने दोनदा मिळवलं, १९६२ आणि १९६९ मध्ये.

मग असमतोलाने दुखापत होते असं जे म्हणतात त्याचं काय? इथे क्रिकेटमधलं एक उदाहरण फार बोलकं आहे. शेवटच्या फासळीपासून कमरेच्या हाडापर्यंत, पाठीच्या कण्याला लागून एक चौकोनी स्नायू असतो. वेगवान गोलंदाजांत हा स्नायू चेंडू टाकणाऱ्या हाताच्या बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये तरुण गोलंदाजांच्या एमआरआयवरून सांगितलं की हा असमतोल आणि कमरेच्या मणक्याला पडणारी ताणाची चीर या गोष्टी बरोबर आढळतात. बातमी पक्की वाटली. पण पुढे दुसऱ्या गटाने गोलंदाजांवर संपूर्ण मोसम नजर ठेवली, तेव्हा ते नातं दिसलं नाही. ज्यांच्या कमरेला दुखापत झाली त्यांच्यात असमतोल जास्त नव्हताच. म्हणजे मोठा झालेला तो स्नायू दुखापतीचं कारण असण्याऐवजी त्या कामासाठी शरीराने केलेली तजवीजही असू शकते. धावत येऊन एकाच हाताने हजारो चेंडू टाकणाऱ्याची पाठ दोन्हीकडे सारखी असावी, ही अपेक्षाच जरा विचित्र आहे.

आता याच्या शेजारी फुटबॉल ठेवून बघा. २००८ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासात ४६२ व्यावसायिक खेळाडूंच्या मांड्यांची ताकद मोसमाआधी यंत्रावर मोजली. घेर नाही, ताकद. डाव्या-उजव्यातली आणि मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंतलीही. ज्यांच्यात ठळक असमतोल होता आणि तो दुरुस्त केला नाही, त्यांच्यातल्या १६.५ टक्के जणांना मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत झाली. ज्यांच्यात असमतोल नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ४.१ टक्के होतं. एकच शब्द, दोन वेगळी उत्तरं. स्नायू किती मोठा दिसतो यावरून फारसं काही कळत नाही. एखाद्या सांध्याभोवती कोण किती जोर लावतं आणि त्याला आवरणारं कोण आहे, यावरून बरंच कळतं.

वजन उचलणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो दांडीचा. जिममधला रॉड दोन्ही हातांना एकाच वेळी बांधून टाकतो. दोन बैलांत एक दमदार आणि एक हलका असला की जू तिरकं होतं आणि मान दोघांचीही सोलते, तसं इथे घडतं. बळकट हात थोडा जास्त भार घेतो, रॉड एका बाजूने आधी वर जातो, धड नकळत वळतं, आणि वजन तर उचललं जातं. आकडा वाढत राहतो म्हणून कुणाला शंका येत नाही. मात्र शेवटी दांडी दुबळ्या हाताचंच ऐकते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये (एका दमात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कच्या (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) पहिल्याच प्रयत्नात १३५ किलो उचलले. दुसऱ्या प्रयत्नात उजवं कोपर दुखावलं. त्याची बेरीज २४८ वर थांबली आणि मलेशियाचा खेळाडू २४९ करून सुवर्ण घेऊन गेला. ती दुखापत होती, असमतोल नव्हे. पण एक हात बाद झाला की दुसऱ्या धडधाकट हाताची ताकद दांडीखाली काही कामाची राहत नाही, हे त्या एका किलोने दाखवलं.

वेटलिफ्टर मीराबाई चानूचं उदाहरण या विषयाच्या अगदी मध्यावर येतं. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीत खांदा आणि पाठ तिला त्रास देत होती आणि स्नॅचचा आकडा पुढे सरकत नव्हता. २०२० च्या उत्तरार्धात ती अमेरिकेत डॉ. आरॉन हॉर्शिग यांच्याकडे गेली. ते फिजिओथेरपिस्ट आहेत आणि स्वतः वजन उचलण्याच्या स्पर्धा खेळलेले आहेत. दुखण्यामागे स्नायूंचा असमतोल आहे असं निदान झालं. मग जड वजनं बाजूला ठेवून खांदा आणि पाठ सावरणारे साधे, हलके आणि बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटतील असे व्यायाम सुरू झाले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी स्नॅचमध्ये मात्र ८५ किलोंचे दोन प्रयत्न वाया गेले होते आणि तिसऱ्यात ८६ निघाले. जुलैमध्ये टोकियोत ८७ आणि ११५ मिळून २०२ किलो आणि रौप्यपदक. या सगळ्या गोष्टीत तिच्या दंडाचा घेर कुठेही येत नाही. निदान झालं ते ती उचलते कशी हे बघून.

हे बघणं आपल्यालाही जमतं. मित्राला मागे उभं करून मोबाईलवर चित्रण करायला सांगावं, बेंच प्रेस असेल तर डोक्याच्या बाजूने. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत, थकल्यावर, रॉड कुठे कलतो? कलत असेल तर लगेच डाव्या हाताला दोष देऊ नये. रॉडवर खाचांच्या रेषा असतात, त्यांच्यापासून दोन्ही हात सारख्या अंतरावर आहेत का ते बघावं. बोटभर फरकही पुरतो. मान आरशाकडे वळलेली असते का? एक पाय मागे सरकलेला असतो का? आणि एक सोपी युक्ती. त्याच वजनाने तोंड उलट दिशेला करून पुन्हा उचलावं. आधी डावीकडे कलणारा रॉड आता उजवीकडे कलला, तर फरशीला उतार आहे किंवा बाक वाकडा आहे. पुष्कळ तळघरांतल्या जिममध्ये ही शक्यता अजिबात काल्पनिक नाही. रॉड पुन्हा डावीकडेच कलला तर मात्र कारण शरीरात आहे.

शरीरात म्हणजे नेमकं कुठे? बहुतेक नवख्यांच्या बाबतीत उत्तर दंडात सापडत नाही, मेंदूत सापडतं. १९७९ मध्ये मोरितानी आणि डी व्ह्रीस या संशोधकांनी दाखवलं की व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद प्रामुख्याने मज्जासंस्थेची असते. स्नायू जाड होण्याचा वाटा तीन ते पाच आठवड्यांनंतर वरचढ होतो. आधी मेंदू स्नायूतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. उजव्या हाताने आयुष्यभर लिहिलं, फेकलं, कालवलं. त्यामुळे त्या बाजूला हे शिक्षण आधीच झालेलं असतं. डावा हात पहिल्या दिवशी जिममध्ये येतो तो या बाबतीत कोरा. दोघांना सारखं वजन दिलं तरी उजवा ते नेमक्या स्नायूंनी उचलतो आणि डावा खांदा, मान, पाठ अशा सगळ्यांना मदतीला बोलावतो. त्यात बेटकुळीचा वाटा कमी पडतो, आणि सहा महिन्यांनी टेप तेच सांगतो.

या शिक्षणाची एक चमत्कारिक बाजू १८९४ मध्येच समोर आली होती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग केला. एकाच हाताने रबरी फुगा दाबण्याचा सराव करायचा आणि ताकद दोन्ही हातांची मोजायची. सराव उजव्याने केला, पण डाव्याचीही ताकद वाढलेली निघाली. नंतरच्या शंभर वर्षांत हा प्रयोग कितीतरी प्रकारे झाला. सगळ्यांची सरासरी काढली तर बिनसरावाच्या हाताची ताकद सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. त्या हाताचा घेर मात्र वाढत नाही. स्नायू तसाच, त्याला हुकूम देणारा सुधारला.

म्हणून उपाय करताना क्रम महत्त्वाचा. दोन हात वेगळे करायचे, म्हणजे रॉडऐवजी डंबेल घ्यायचे. आपल्या तालमींत मुद्गलांची जोडी फिरवतात. तिथे प्रत्येक हाताला आपापला मुद्गल असतो आणि एकाचं ओझं दुसऱ्यावर ढकलता येत नाही. प्रत्येक सेटची सुरुवात दुबळ्या हाताने करावी, अंगात दम असताना. डावा हात नीट हालचालीत नऊ वेळा उचलू शकला, तर उजव्यानेही नऊलाच थांबायचं, त्याला बारा जमत असले तरी. मन मोडतं खरं. उजव्याची वाढ थोडी रेंगाळते, डाव्याची चालू राहते, आणि दोन-तीन महिन्यांत निदान ताकदीतला फरक आटोक्यात येतो. घेर त्याच्या मागून, सावकाश.

डाव्याला भरमसाठ जादा सेट मारण्याचा सल्ला मला पहिल्या फेरीत तरी पटत नाही. जो हात आधीच धड शिकलेला नाही, तो थकल्यावर आणखी वाईट शिकतो. वाकड्या हालचालीचे वीस सेट केले तर वाकडी हालचालच पक्की होते. हालचाल सुधारली, ताकद जवळ आली आणि तरीही दंड बारीकच वाटत असेल, तर आठवड्याला दोन-तीन सेट वाढवायला हरकत नाही. स्पर्धेत उतरणारा नसाल तर त्याचीही गरज नाही. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक शर्टाच्या बाहीलाही कळत नाही.

काही असमतोल आपण स्वतःच शिकवतो. डेडलिफ्टमध्ये जड वजन हातातून सुटू नये म्हणून एक तळवा आपल्याकडे आणि एक बाहेर अशी मिश्र पकड घेतात. पकड उत्तम, पण बहुतेक जण वर्षानुवर्षं तोच हात पालथा आणि तोच उताणा ठेवतात. उताण्या हाताच्या बेटकुळीवर ताण येतो, आणि डेडलिफ्ट करताना बायसेपचा कोपराजवळचा कंडरा तुटण्याच्या घटना जवळजवळ नेहमी याच हातात घडतात. हलक्या सेटमध्ये दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवावेत, जड सेटमध्ये हातांची अदलाबदल करावी किंवा पट्टे वापरावेत. क्लीन अँड जर्क करणाऱ्यांचं पायाच्या बाबतीत तसंच. झटक्यात पाय फाकताना पुढे जाणारा पाय कायम एकच असतो. स्पर्धेसाठी ते योग्यच, पण सरावाच्या हलक्या दिवशी दुसऱ्या पायालाही पुढे जाऊ द्यावं.

डाव्या-उजव्याच्या काळजीत एक मोठा असमतोल साफ विसरला जातो. जिमच्या आरशात छाती दिसते, दंडाचा पुढचा भाग दिसतो, पोट दिसतं. पाठ दिसत नाही, म्हणून ती राहून जाते. सोमवारी बेंच प्रेससाठी रांग लागते; रोइंगचं यंत्र रिकामं असतं. पुढचे स्नायू खांद्याला आत आणि पुढे ओढतात आणि त्याला मागे धरून ठेवणारे खवाट्याचे स्नायू कमी पडतात. हात डोक्यावर नेताना खांदा टोचू लागतो. एका सेंटिमीटरपेक्षा हा फरक कितीतरी अधिक महाग पडतो. ढकलण्याचा जितका व्यायाम, निदान तितका ओढण्याचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ खांदे वाचतील.

इथवर झाली ती निरोगी शरीराची गोष्ट. काही वेळा मात्र असमान हात हे आजाराचं पहिलं चिन्ह असतं आणि जिममध्ये त्याला आळस समजून आणखी वजनं दिली जातात. यातला सर्वांत फसवा आजार जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये वर्णन केला. तो साधारण पंधरा ते पंचविशीतल्या मुलांना होतो, म्हणजे नेमका जिमला जायच्या वयात. दुखत काहीच नाही. एका हाताचा पंजा आणि कोपराखालचा भाग हळूहळू बारीक होत जातो, पण कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने जाणारा एक स्नायू भरलेलाच राहतो. थंडीत बोटं जास्तच लुळी पडतात. मान पुढे वाकवली की मानेतला मज्जारज्जू दाबला जातो, हे त्यामागचं कारण मानतात. काही वर्षांनी आजार आपोआप थांबतो, पण गेलेला स्नायू परत येत नाही; म्हणून लवकर ओळखून मानेला पट्टा लावण्याला महत्त्व. हा परदेशी आजार म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बंगळूरच्या निम्हान्समधून डॉ. गौरीदेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीय रुग्णांत याच धर्तीच्या, एकाच हाताला किंवा पायाला धरणाऱ्या आजाराचं वर्णन केलं होतं.

मानेतली चकती सरकून नस दाबली गेली तर दंडाच्या मागचा स्नायू एका बाजूने ढिला पडतो, पुशअपमध्ये तो हात आधी कोसळतो आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली गेली तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला उंचवटा खोलगट होतो. काहींच्या छातीचा एका बाजूचा मोठा स्नायू जन्मतःच नसतो किंवा अपुरा असतो. आल्फ्रेड पोलंड या इंग्रज माणसाने वैद्यकीचा विद्यार्थी असताना १८४१ मध्ये त्याची नोंद केली. पुष्कळ मुलांना ते पहिल्यांदा जिममध्येच कळतं. नसलेला स्नायू कुठल्याही बेंच प्रेसने तयार होत नाही, हे त्या मुलाला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

उलटंही घडतं. एक हात बारीक होत नाही, अचानक मोठा होतो. हात डोक्यावर नेऊन जोर लावणाऱ्या तरुणांत गळपट्टीचं हाड आणि पहिली फासळी यांच्यामध्ये शीर चेपली जाऊन तिच्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकोणिसाव्या शतकात पॅजेट आणि श्रोटर या दोघांनी ती ओळखली. हात काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुजतो, जड होतो, निळसर दिसतो, खांद्यावरच्या शिरा उठून दिसतात. हा व्यायामानंतर दंड फुगण्याचा ‘पंप’ नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, कारण गुठळी फुप्फुसाकडे जाऊ शकते. तसंच, वजन उचलताना कोपरापाशी फट् असा आवाज होऊन बेटकुळी वर गोळा झाली, तर बायसेपचा खालचा कंडरा तुटलेला असू शकतो. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते, म्हणून चोळत बसून वाट बघू नये. एरवीसाठी एवढं पुरे. फरक वाढत चालला असेल, हात बधिर होत असेल किंवा स्नायू आपोआप फडफडत असेल तर ट्रेनरऐवजी डॉक्टर.

सगळ्यात शेवटी प्लास्टरमधला हात. मनगट मोडतं, काही आठवडे हात बांधलेला राहतो आणि बाहेर येतो तो बारीक होऊनच. अशा वेळी घरचे आणि जिममधले दोघेही सांगतात की आता दुसऱ्या हाताचा व्यायाम बंद कर, नाहीतर फरक आणखी वाढेल. येलच्या त्या रबरी फुग्याने याच्या उलट सांगितलं होतं आणि २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ते तपासून बघितलं. निरोगी स्वयंसेवकांच्या एका हाताला तीन आठवडे प्लास्टर घातलं. काहींनी मोकळ्या हाताचा जोरदार व्यायाम केला, काही स्वस्थ बसले. स्वस्थ बसलेल्यांच्या बांधलेल्या हाताची ताकद घटली. व्यायाम करणाऱ्यांच्या बांधलेल्या हाताची ती टिकून राहिली, आणि स्नायूची जाडीही. तेव्हा डॉक्टरांनी बाकी शरीराला हरकत घेतली नसेल तर डावा हात गळ्यात अडकवून उजव्याने डंबेल मारत राहावं. बघणारे हसतील, हसू द्या.